पाचव्या जहाजाचा निर्णय माझ्यावर आहे

३ फेब्रुवारी, सोमवार

आज लिफ्टमध्ये माझ्या आयुष्याला कलाटणी मिळाली.

सकाळी ९.५५. तिसऱ्या मजल्यावर कंपनीच्या अध्यक्षबाई आत आल्या. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. बाईंनी आधी वरच्या दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, काय वाटतं तुम्हाला, घ्यावं का अजून एक मोठं जहाज?

मी बोलणार तेवढ्यात पाचवा मजला आला आणि त्या गेल्या. माझ्या तोंडून फक्त "अं" निघालं. पण ते विचारपूर्वक काढलेलं "अं" होतं. बाईंना ते जाणवलं असणार.

सगळं नीट लिहून ठेवतो. कंपनीची चार क्रूझ जहाजं आहेत. पाचवं त्यांच्या दुप्पट. वीस मजले, पाच हजार प्रवासी, टपावर घसरगुंडी. गोदीवाल्यांनी आपल्यासाठी १४ मार्चपर्यंत जागा राखून ठेवली आहे. त्याच दिवशी संचालकांची बैठक. हो किंवा नाही.

मी बावीस वर्षं सूचना विभागात आहे. जहाजांवरचे सगळे फलक, केबिनमधली सगळी कार्डं मी लिहितो. "ओल्या डेकवर धावू नये" हे माझंच. दरवर्षी लाखो लोक मला वाचतात. उशिरा का होईना, वरच्यांच्या लक्षात आलं.

संकल्प. एक, रोज पहाटे पाचला उठून जहाजावर अहवाल लिहायचा. दोन, याबद्दल कुणाकडे चकार शब्द काढायचा नाही.

हिला सांगितलं. ही म्हणाली, बरं, येताना दूध आणलंत का?

४ फेब्रुवारी, सकाळी ७.४०

गजर झाला. मी तो ऐकला. अहवालाचा विचार पडल्या पडल्याही होतो. किंबहुना जास्त चांगला होतो.

४ फेब्रुवारी, संध्याकाळ

अहवालासाठी नवी फाइल आणली. दुकानदार म्हणाला, निळीही आहे आणि हिरवीही आहे. अर्धा तास विचार केला. निळी घेतली, समुद्र म्हणून. एका दिवसात एवढा एक निर्णय पुरे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

माझ्या शेजारच्या टेबलावर इंजिनिअरबाई बसतात. नव्या जहाजासाठी अकरा जणांची समिती आहे, त्यात त्या आहेत. समिती आठ महिने राबतेय. मला त्यांची दया आली. आठ महिने घासले, आणि शेवटी विचारलं मला.

त्यांच्या मनाला लागू नये अशा बेताने लिफ्टमधला प्रसंग सांगितला. त्या कॉम्प्युटरवरून नजर न काढता म्हणाल्या, अध्यक्षबाई गेले सहा महिने दिसेल त्याला हेच विचारतायत. वॉचमनला विचारलं. खिडक्या पुसणाऱ्याला काचेतून खुणा करून विचारलं. दातांच्या डॉक्टरला तर स्वतःच्या तोंडात मशीन असताना विचारलं.

मी गालातल्या गालात हसलो. काय डोकं आहे बाईंचं! मला विचारलंय हे लपवायचं तर बाकीच्यांना विचारणं भागच.

९ फेब्रुवारी, रविवार

दुपारी मेहुणा आला. हिचा धाकटा भाऊ. गोदीत वेल्डर आहे, आणि आपलं जहाज बांधायचं झालं तर तीच गोदी बांधणार. तोंड एवढंसं झालं होतं. सध्याचं काम मेमध्ये संपतंय, पुढचं हातात नाही, निम्म्या लोकांना घरी बसवणार अशी कुजबुज आहे म्हणाला. पवनचक्क्यांचे खांब बनवणारा एक कारखाना त्याला घ्यायला तयार आहे. पण लांब आहे, रोजचा दीड तास जायला आणि तेवढाच यायला. शिवाय गोदीतली सोळा वर्षं सोडून जायचं जिवावर येतंय. दोन मुली शाळेत. काय करू, थांबू की जाऊ?

दुसरा संकल्प बाजूला ठेवावा लागला. शेवटी रक्ताचं नातं आहे. (हिचं.) खुर्ची जवळ ओढली आणि म्हटलं, कुठे बोलू नकोस, पण जहाज येतंय. तू जागचा हलू नकोस.

नक्की? नक्की. दाजी, तुम्हाला कुठून कळलं? म्हटलं, कळलं नाही रे, मी ठरवलंय.

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग बहिणीकडे बघितलं. मग म्हणाला, बरं दाजी. आणि अर्धा चहा तसाच टाकून लगबगीने गेला. आनंद झाला की माणसाला एका जागी बसवत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

अहवालाची अनुक्रमणिका तयार. चौदा प्रकरणं. आता फक्त प्रकरणं राहिली.

साहेबांनी मध्येच एक फुटकळ काम अंगावर टाकलं. ऑफिसच्या इमारतीत नवे बाण चिकटवायचे, आग लागली तर बाहेर कुठून पडायचं ते दाखवणारे. नऊ मजले, प्रत्येक जिन्याशी एक. वीस तारखेच्या आत. ज्याच्या डोक्यात वीस मजली जहाज आहे त्याला बाण चिकटवायला लावतात! चिकटवले. आठव्या प्रकरणाचा विचार करत करत चिकटवले, त्यामुळे काम भराभर उरकलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार, दुपारी २.००

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस. जहाजावर केबिन रिकामी राहिली तर ती आम्हा स्टाफला फुकट मिळते. दोन दिवसांची फेरी मिळवली. हिला वाटतंय फिरायला चाललोय. ती नवी साडी नेसली आहे. मी खिशात मोजपट्टी, स्टॉपवॉच आणि तीन पेनं घेतली आहेत. प्रत्यक्ष पाहणी! समितीतल्या अकरा जणांना हे सुचलं का?

बावीस वर्षांत कंपनीच्या जहाजावर पाऊल ठेवायची ही पहिलीच वेळ. हे कुणाला सांगायची गरज नाही.

१५ फेब्रुवारी, दुपारी ३.३०

बोट लागली.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.००

जहाजावरच्या डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. म्हणाल्या, बोट लागणं चालायचंच, पण तुम्हाला त्रास नेमका कधी सुरू झाला? म्हटलं साडेतीनला. त्या म्हणाल्या, जहाज पाच वाजता सुटलं. साडेतीनला ते धक्क्याला बांधलेलं होतं.

माझं शरीर दूरदृष्टीचं आहे.

भिंतीवर मीच लिहिलेलं कार्ड आहे. "बोट लागल्यास घाबरू नये. खिडकीतून दूर क्षितिजाकडे पाहावे." या केबिनला खिडकी नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

पाहणी आडवं पडून चालू. छत दोन मीटर तीस सेंटिमीटर उंच आहे. (अंदाजे. मोजपट्टी हातातून निसटून पलंगाखाली गेली.)

ही सकाळपासून बाहेर. अधूनमधून मी जिवंत आहे का बघायला येते. कालपासून हिच्या अकरा ओळखी झाल्या. हिने डेकवर नाच केला म्हणे. पंचवीस वर्षांत मला माहीत नव्हतं की हिला नाचता येतं. म्हटलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, तुम्ही विचारलंत कुठे?

हिने आणलेली माहिती अशी. लोक म्हणतात हे जहाजच एवढं मोठं आहे की निम्मा दिवस रांगेत जातो. नाश्त्याला रांग, लिफ्टला रांग, रांग कसली आहे ते विचारायला रांग. एका आजोबांना कालपासून स्वतःची केबिन सापडलेली नाही. ते एका दुसऱ्याच कुटुंबात जेवतायत. आता त्यांना तेच बरं वाटतंय. ही म्हणाली, अहो, याहून दुप्पट जहाज कुणाला हवंय? कुणालाच नाही. लिहा की हे तुमच्या अहवालात.

म्हटलं, असल्या ऐकीव गोष्टींवर अहवाल लिहीत नसतात.

मेहुण्याला शब्द दिलाय. जहाज येणार.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सातव्या प्रकरणात गाडं अडलं. अध्यक्षबाई हमखास विचारतील असा प्रश्न: संकट आलं तर पाच हजार माणसं बाहेर काढायला किती वेळ? अंदाजपंचे उत्तर देणं माझ्या स्वभावात नाही. प्रयोग करावा लागेल. आपल्या इमारतीत सहाशेचाळीस माणसं आहेत. ती किती मिनिटांत बाहेर येतात ते मोजायचं आणि आठने गुणायचं.

लोकांना आधी सांगितलं तर निकाल खोटा येईल. तेव्हा सांगायचं नाही.

२१ फेब्रुवारी, सकाळी ११.००

चौथ्या मजल्यावरची आगीची घंटा दाबली.

२१ फेब्रुवारी, दुपारी १.१५

निकाल थोडे संमिश्र आहेत.

सहाशेचाळीसपैकी चारशेदहा जण नऊ मिनिटांत रस्त्यावर आले. हे फारच उत्तम. बाकीचे दोनशेतीस तळघरातल्या जुन्या फायलींच्या खोलीत जमले. पाच ते नऊ मजल्यांवरचे बाण तिकडे दाखवत होते. बाणाचा स्टिकर उलटा धरला तर तो उलट दिशेला दाखवतो, ही त्या स्टिकरच्या डिझाइनमधलीच उणीव आहे. तसं कळवणार आहे.

तळघराच्या खोलीचं दार बाहेरून उघडतं, आतून नाही. त्यांना बाहेर काढायला पस्तीस मिनिटं लागली. आत अध्यक्षबाई होत्या. बरोबर गोदीचे मालकही होते. नव्या जहाजाबद्दल बोलायला ते नेमके आजच आले होते.

बाई बाहेर आल्या तेव्हा मी स्टॉपवॉच घेऊन दारातच उभा होतो. त्यांच्या केसांत कोळिष्टक होतं. त्यांनी विचारलं, हे काय चाललंय? मी वेळ सांगितली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांचं पत्र. घंटा का वाजवली याचा लेखी खुलासा १४ मार्चच्या आत सादर करावा. बरोबर बैठकीचाच दिवस! योगायोग नाही हा. बाईंना माझा अहवाल हवाय, पण उघडपणे मागता येत नाही.

इंजिनिअरबाईंना हे समजावून सांगितलं. त्यांनी पहिल्यांदाच कॉम्प्युटरवरून नजर काढली. म्हणाल्या, तुम्ही खुलासाच लिहा हो. छोटासा. चूक झाली म्हणा, माफ करा म्हणा आणि खाली सही ठोका.

मत्सर माणसाकडून काय काय बोलवून घेतो!

२ मार्च, रविवार

मेहुण्याला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा त्याची बायको म्हणाली, ते बाहेर गेलेत. कुठे? कामाला. रविवारी? वहिनी गडबडीने म्हणाल्या, दूध उतू चाललंय दाजी, ठेवते.

पाहा, गोदीत रविवारीही काम सुरू. जहाजाची तयारी नाहीतर दुसरं काय!

११ मार्च, मंगळवार

अहवाल पूर्ण. चौऱ्याण्णव पानं. सगळी प्रकरणं एकाच निष्कर्षाला येतात: जहाज घ्यावे. नववं प्रकरण आधी "घेऊ नये" असं निघत होतं, ते काढून टाकलं.

हिला वाचायला दिला. ही सहाव्या पानावर झोपली. तसा दिवसभराचा शीण होता तिला.

१४ मार्च, शुक्रवार, सकाळी ८.३०

ठेवणीतला सूट काढला. पँटचं वरचं बटण लागत नाही. अहवाल पोटासमोर धरला की दिसत नाही.

१४ मार्च, सकाळी ११.२०

बैठक सुरू होऊन वीस मिनिटं झाली. अजून बोलावणं नाही. सुरुवातीला इकडचं तिकडचं बोलत असतील.

१४ मार्च, दुपारी १२.४०

बोलावणं आलं!

१४ मार्च, दुपारी १.३०

सविस्तर लिहितो.

साहेब स्वतः धावत आले. म्हणाले, चला, लवकर, वर तुमचं काम आहे. मी इंजिनिअरबाईंच्या रिकाम्या खुर्चीकडे एक नजर टाकली. जिन्यातच साहेबांनी सांगितलं, की बैठकीच्या खोलीचं दार कुणीही सारखं उघडतंय, तेव्हा "आत बैठक चालू आहे" असा एक फलक ताबडतोब हवाय. जाड अक्षरात.

मी तो दोन मिनिटांत केला. सुबक झाला. आणि तो दाराला लावायच्या निमित्ताने सरळ आत गेलो.

लांब टेबल. पंधरा माणसं. टोकाला इंजिनिअरबाई उभ्या राहून काहीतरी सांगत होत्या, पडद्यावर एक आलेख होता, रेघ खाली जाणारी. मी अध्यक्षबाईंसमोर अहवाल ठेवला. म्हटलं, मॅडम, आपण विचारलं होतंत.

बाईंनी पहिल्यांदा पँटच्या बटणाकडे पाहिलं, कारण अहवाल आता टेबलावर होता. मग अहवालाचं वजन बघितलं. मग साहेबांकडे वळून म्हणाल्या, हा घंटेचा खुलासा का? साहेब घाईघाईने हो म्हणाले. बाई म्हणाल्या, चौऱ्याण्णव पानं? आणि माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, एवढं मनाला लावून घेऊ नका हो. झालं ते झालं.

कंपनीच्या वकीलसाहेबांनी अहवाल उचलून घंटेच्या फाइलला लावला.

मी दार ओढून घेतलं. फलक थोडा तिरका होता. तो सरळ केला.

१४ मार्च, संध्याकाळी ५.१०

इंजिनिअरबाई खाली आल्या. जहाज घेणार नाहीत. असलेल्याच दोन जहाजांची डागडुजी करणार, नाश्त्याच्या जागा वाढवणार, लिफ्ट वाढवणार. म्हणाल्या, तसं सगळं डिसेंबरमध्येच दिसत होतं, आज फक्त शिक्का बसला.

मी विचारलं, गोदीला काहीच काम नाही? त्या म्हणाल्या, डागडुजी दुसरीकडे होईल. ती गोदी फक्त नवी जहाजं बांधते.

घरी जायला उठलो आणि परत बसलो.

१५ मार्च, शनिवार

काही लिहावंसं वाटत नाही.

१६ मार्च, रविवार

मी त्याला म्हणालो, जागचा हलू नकोस. हेच शब्द. मुली चौथीत आणि सातवीत आहेत.

माझा यात काय दोष, यावर एक पान लिहिलं. वाचलं. फाडलं.

१७ मार्च, सोमवार

घंटा प्रकरणाचा निकाल. माझा खुलासा वाचून झालेला नाही, पण त्यामागची कळकळ लक्षात घेऊन समज देऊन सोडण्यात आलं आहे. शिवाय एक काम: प्रत्येक मजल्यावर घंटेजवळ "विनाकारण घंटा वाजवू नये" हा फलक लावणे. मजकूर मी, चिकटवणार दुसरं कुणीतरी.

एरवी मला याचा आनंद झाला असता. मजकूर चांगला आहे.

१९ मार्च, बुधवार

मेहुण्याचा फोन आला. मी बाथरूममध्ये आहे असं हिला सांगायला सांगितलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा आला. पुन्हा बाथरूममध्ये. ही म्हणाली, अहो, तो डॉक्टरकडे जा म्हणतोय.

मग मी हिला सगळं सांगितलं. जहाज, बैठक, अहवाल, बटण. म्हटलं, माझ्यामुळे तुझ्या भावाच्या तोंडचा घास गेला. त्याला तोंड कसं दाखवू? हिला हसू आवरत नव्हतं असं मला वाटलं, पण दुःखातही माणसाचे खांदे हलतात. म्हणाली, रविवारी जाऊन या. मी येते बरोबर.

२३ मार्च, रविवार, रात्री ८.००

गेलो. फळं घेऊन गेलो. जिना चढताना ही मागून हलकेच ढकलत होती.

मेहुणा घरी होता. अंगात नवा गणवेश, छातीवर पवनचक्कीचं चित्र. नुकताच कामावरून आला होता.

मी पाठ केलेलं सगळं विसरलो. दारातच म्हटलं, जहाज आलं नाही रे. मला माफ कर. माझ्या शब्दावर तू थांबलास.

तो म्हणाला, दाजी, बसा आधी. पाणी दिलं. मग म्हणाला, वाईट वाटून घेऊ नका, पण तुम्ही म्हणालात ना जहाज नक्की येणार, तोवर माझं काही ठरत नव्हतं. तुम्ही बोललात आणि मी त्याच संध्याकाळी पवनचक्कीवाल्यांना होकार कळवून टाकला. आमच्या वर्कशॉपमधल्या सहा जणांनाही सांगितलं, की दाजी नक्की म्हणालेत. त्यांनीही लगेच अर्ज टाकले. सातही जण एकाच शिफ्टला आहोत. आता ती मंडळी तुमचं नाव काढतात रोज.

वहिनी आत काहीतरी आपटून हसल्या. ही खिडकीबाहेर बघत होती.

खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी आलं होतं. मुली येऊन माझ्या दोन बाजूंना बसल्या आणि आणलेली द्राक्षं खाऊ लागल्या.

मग हळूहळू माझ्या ध्यानात आलं. सात कुटुंबं! समितीच्या अकरा जणांनी आठ महिन्यांत एका माणसाला तरी नोकरी लावली का? मी एका वाक्यात सात जणांना लावली. शब्दाला वजन असतं ते असं.

एकदम मोकळं वाटलं. दोन वेळा वाढून घेऊन जेवलो. निघताना मेहुण्याच्या पाठीवर थाप मारली आणि मनापासून म्हटलं, आता अगदी निर्धास्त राहा. मी अभ्यास केलाय. पवनचक्क्यांच्या या कारखान्याला पुढची तीस वर्षं मरण नाही.

मेहुण्याचा चेहरा एकदम पांढराफटक पडला. दिवसभराच्या ड्युटीने दमला असणार बिचारा. मला विचारलं, दाजी, नक्की? म्हटलं, नक्की.

आम्ही जिना उतरत होतो तेव्हा तो आत फोनवर कुणाकुणाला घाईघाईने काहीतरी सांगत होता.